पेठ ते हायडेलबर्ग, हायडेलबर्ग ते टेल्को

मुरलीकांत राजाराम पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ चा, पेठ गावचा. तेव्हा आमचा वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट १९४९ ला जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि सांगली, मिरज, जत ही विलीन झालेली संस्थानं मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. नकाशावर रेघ आली तरी सोयरीक, बाजार, जत्रा आणि तालीम एकच राहिली. कऱ्हाडचा पैलवान इस्लामपूरच्या फडात उतरला तर त्याला परका कुणी म्हटलं नाही.

मी याच तालुक्यातला. नोकरीची सगळी वर्षं पिंपरी-चिंचवडला लेथवर काढली. पेटकरांविषयी बोलणं निघालं की लोक १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमधल्या पोहण्याच्या ३७.३३ सेकंदांवर येऊन थांबतात. ते सेकंद मोठेच आहेत. पण मला त्या सेकंदांच्या मागच्या-पुढच्या आयुष्याविषयी लिहायचं आहे, कारण त्यात आमच्या मुलखाची जुनी रीत दिसते. खेळायचं ते घराच्या जिवावर आणि घर चालवायचं ते हातातल्या कामावर.

ही रीत तालमीतून आली. पहाटे हौद्यातली लाल माती खोऱ्यानं वरखाली करायची, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवायचं, ढेकळं हातानं फोडायची, की अर्धा व्यायाम तिथंच होतो. मग जोर, बैठका आणि लढती. दिवस उजाडला की तीच पोरं औतामागे, मोटेवर, गुऱ्हाळावर किंवा सुताराच्या हाताखाली दिसायची. खुराकाचा भार घरावर असायचा. एखादी म्हैस पैलवानासाठी राखलेली असे आणि घरातल्या लहानग्यांच्या वाट्याचं दूध त्याच्या तांब्यात जाई. आईनं, वहिनीनं ते निमूटपणे केलेलं असे. जत्रेत धाकट्या पोरांची कुस्ती नारळावर किंवा रेवड्यांवर लागे, जाणत्याची इनामावर. इनामाची रक्कम घरी आली की ती बी-बियाण्यात, बहिणीच्या लग्नात, उधारीत जिरून जाई.

खाशाबा जाधव याच मातीतले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरला १९२६ साली शेतकरी पैलवानाच्या घरात जन्मले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे जमवताना गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाड स्टेशनावरून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि परत आल्यावर त्यांनी काय केलं? कोल्हापुरात कुस्त्यांचा फड लावला, स्वतः लढले आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. मला हेलसिंकीच्या पदकाइतकाच हा फड मोलाचा वाटतो. दुसऱ्याचं छप्पर आपल्यासाठी गहाण पडलंय ही बोच ज्याला लागते, तो माणूस आमच्याकडे पैलवान म्हणून मिरवायला लायक. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि पुढची सत्तावीस वर्षं त्यांनी नोकरी केली.

१९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने या दोघांनी कुस्तीत सुवर्णपदकं आणली. आंदळकर पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत पोरं घडवत राहिले. २०१८ साली ते गेले, तेव्हा त्यांच्या हाताखालून गेलेल्या पैलवानांची एक अख्खी पिढी स्वतः वस्ताद झाली होती.

पेटकर याच हवेत वाढले. लहानपणी कुस्ती केली आणि कोवळ्या वयात सैन्याच्या बॉइज बटालियनमध्ये दाखल झाले. पुढे ते ईएमईमध्ये गेले. हे सैन्याचं कारखाना खातं. रणगाडा, ट्रक, तोफ, वायरलेस संच बिघडला की दुरुस्त करून परत उभा करायचा, हे त्याचं काम. पेटकरांचा हुद्दा क्राफ्ट्समन, म्हणजे पायदळातल्या शिपायाच्या बरोबरीचा, हातात पान्हा धरणारा जवान. सैन्यात त्यांनी बॉक्सिंग धरलं आणि टोकियोला सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचले.

१९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी मणक्यात अडकून राहिली. कमरेखालचं अंग लुळं पडलं. वय जेमतेम विशीचं. मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात उपचार झाले आणि उपचाराचाच भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं.

अशा जखमी सैनिकांना खेळातून उभं करण्याची वाट इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी दाखवली होती. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकचं उद्‌घाटन झालं त्याच दिवशी, त्यांनी सोळा जखमी माजी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. म्हणजे गोळेश्वरचे खाशाबा ज्या उन्हाळ्यात लंडनमध्ये लढत होते, त्याच दिवसांत तिथून थोड्या अंतरावर पॅरालिंपिकचं बीज पडत होतं. चोवीस वर्षांनी त्याचं पीक पेठच्या पोरानं कापलं.

पाय चालत नसताना पोहणं कसलं असतं, हे जरा समजून घ्यायला हवं. धडधाकट माणसाचे पाय पाण्यात ढकलतात आणि अंग आडवं ठेवतात. पाय निर्जीव असले की ते खाली लोंबतात आणि नांगरासारखे मागे ओढतात. मग सगळी भिस्त खांद्यांवर, दंडांवर आणि छातीवर. एकेक हात फिरवताना पुढे सरकायचं आणि त्याच हातानं बुडणारं कमरेखालचं अंग पृष्ठभागालगत ठेवायचं. बॉक्सिंगनं कमावलेले खांदे पेटकरांना इथं उपयोगी पडले.

१९६८ च्या तेल अवीव पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७० साली एडिनबराच्या राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य मिळवलं. परदेशी जाण्याच्या खर्चासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेनं हात दिला. आणि ऑगस्ट १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी जागतिक विक्रमासह सुवर्णपदक घेतलं. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, भारतीयानं मिळवलेलं हे पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पॅरालिंपिकमधलं पुढचं सुवर्ण देवेंद्र झाझरियांनी आणलं ते २००४ साली, आणि ऑलिंपिकमधलं अभिनव बिंद्रांनी २००८ साली.

हायडेलबर्गहून आल्यावर पेटकरांचा पत्ता होता पुण्याचा टेल्को कारखाना. सैन्य सोडल्यावर त्यांनी तिथं नोकरी धरली आणि निवृत्तीपर्यंत केली. कारखान्यातलं आयुष्य मला ठाऊक आहे. सकाळची शिफ्ट धरायची तर अंधारात उठायचं, भोंग्याच्या आत कार्ड पंच करायचं, दिवसभर शॉपमधला गोंगाट सोसायचा, महिनाअखेरीला पगाराच्या पाकिटात घरभाडं, पोरांची फी, किराणा बसवायचा. चालता-फिरता माणूस त्यात थकतो. व्हीलचेअरवरच्या माणसाला तर दर थोड्या वेळानं खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अंग उचलावं लागतं, नाहीतर बसल्या जागी कातडीला जखमा होतात आणि त्या कळतही नाहीत. जिन्याच्या पायऱ्या, अरुंद दरवाजे, संडास, बसचा उंच पायठा, सत्तरच्या दशकात यातलं काहीही त्यांच्यासाठी बांधलेलं नव्हतं. त्या काळात वर्षानुवर्षं कामावर हजर राहून संसार उभा करणं ही मला सुवर्णपदकाच्या तोडीची गोष्ट वाटते. आणि अशा माणसाच्या हजेरीमागे त्याच्या घरच्यांची पहाट उभी असते, हे आम्ही कामगारांनी तरी सांगायलाच हवं.

महाराष्ट्र सरकारनं १९७५ साली त्यांना शिवछत्रपती पुरस्कार दिला. केंद्राचा पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, पदकानंतर शेहेचाळीस वर्षं. २०२४ साली त्यांच्या आयुष्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला आणि जानेवारी २०२५ मध्ये जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार हाती पडला. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. देशानं उशीर केला, हे स्पष्ट म्हणावंच लागेल. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो तर त्यांच्या मृत्यूनंतर. पण या दोघांनीही सत्काराची वाट बघत काम थांबवलं नाही.

आता आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणलं. सरकारी बक्षिसं, प्रशिक्षक, फिजिओ हे आता मिळतं, आणि ते मिळालंच पाहिजे. आजच्या पोरांना घर गहाण टाकायची वेळ येऊ नये, यासाठीच तर मागची माणसं राबली.

माझं मागणं सातारा-सांगलीच्या गावांकडे आहे. प्रत्येक गावात जत्रा कमिटीच्या जुन्या वह्या असतात, कुणी किती वर्गणी दिली, कुठल्या पैलवानाला किती इनाम दिलं, याच्या नोंदींच्या. तालमीच्या खोलीत जुन्या कुस्त्यांची हँडबिलं धूळ खात असतात. आपल्या कष्टकरी खेळाडूंचा खरा इतिहास तिथं आहे, आणि वाळवी तो भराभर खातेय. यंदाच्या जत्रेआधी त्या वह्या बाहेर काढा, फोनवर का होईना त्यांचे फोटो घ्या, आणि गावातल्या म्हाताऱ्या पैलवानाजवळ आणि त्याच्या घरच्या बाईजवळ बसून दोघांचंही बोलणं लिहून घ्या.