परदेशी जाणाऱ्या कन्यांचे रक्षण : दोन पूर्वचरित्रांचा बोध

दिनांक २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात, वयाची अठरा वर्षेही पुरी न झालेली एक महाराष्ट्रीय विवाहिता इंग्रजीतून भाषण करण्यास उभी राहिली. वैद्यकाच्या अभ्यासासाठी आपण अमेरिकेस का जातो, हा तिचा विषय होता. लोक जे प्रश्न विचारून तिला भंडावीत, तेच तिने एकेक करून हाती घेतले. एकटीच का जाता? परतल्यावर ज्ञाती वाळीत टाकील, त्याचे काय? आणि तेथे काही संकट ओढवले, तर काय कराल?

या विदुषी म्हणजे आनंदीबाई जोशी. त्यांस विचारलेल्या प्रश्नांपैकी बहिष्काराचा प्रश्न काळाच्या ओघात मावळला. संकटाचा प्रश्न मात्र आजही आपल्या ज्ञातीतील प्रत्येक घरी उभा राहतो. कन्येस परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला, किंवा सेवाकार्यासाठी ती दूरदेशी निघाली, की आनंदाबरोबर मातापित्यांच्या मनात काळजीही शिरते. ही काळजी अनाठायी नव्हे. परंतु तिचा रोख योग्य दिशेस आहे काय, हे इतिहासावरून पडताळून पाहणे हितावह होईल.

आनंदीबाई एकट्या निघाल्या हे खरे. वृद्ध मातापिता व धाकटी भावंडे यांचा भार गोपाळरावांवर असल्याने त्यांस बरोबर जाणे शक्य नव्हते. परंतु एकट्या निघाल्या म्हणजे अनोळखी जगात निघाल्या, असे मात्र नव्हे. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याकडे वाट पाहत असता एका मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले आणि १८८० पासून उभयतांचा पत्रव्यवहार सुरू झाला. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाईंनी कलकत्ता सोडले, तेव्हा प्रवासात अमेरिकन स्त्रियांची सोबत होती. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्क बंदरात उतरल्या, तेव्हा कार्पेंटरबाई त्यांस घेण्यास हजर होत्या. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणत. तीन वर्षांच्या पत्रांनी बांधलेले हे घर हेच त्यांचे पहिले संरक्षण होय. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडले यांच्या रूपाने पुढे दुसरा आधारही लाभला.

मग संकट आले ते कोठून? लोकांनी ज्या दुर्जनांचे भय घातले होते, त्यांच्याकडून नव्हे. फिलाडेल्फियातील त्यांच्या खोलीतील शेगडी नीट बांधलेली नव्हती. पेटविली तर खोलीभर धूर होई, न पेटविली तर थंडी असह्य होई. त्यात नित्याचे अन्न नाही आणि अभ्यासाचा ताण मोठा. ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी संपादन केली, ती शरीर क्षयाने पोखरले जात असता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. परंतु ते काम हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांस बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. गोपाळरावांच्या पत्रांनी त्यांस उत्तेजन दिले हे खरे. पण त्याच पत्रांतील संशयाने व टोचणीने त्यांस दुःखही दिले. ज्या घराकडे मन मोकळे करावे, तेथूनच बोल ऐकावे लागणे, याहून परदेशात दुसरे एकाकीपण कोणते?

दुसरे चरित्र डॉ. रखमाबाईंचे. बालपणी झालेल्या विवाहानंतर नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले. १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने पतिगृही जा अथवा सहा महिने कारावास भोगा, असा निर्णय दिला. पुढे १८८८ मध्ये तडजोड होऊन तो वाद मिटला आणि १८८९ साली त्या इंग्लंडला गेल्या. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. ईडिथ पीची यांचे उत्तेजन व मॅक्लॅरेन दांपत्याचा आश्रय त्यांच्या पाठीशी होता. लंडनच्या ज्या वैद्यकीय विद्यालयात त्या शिकल्या, ते स्त्रियांसाठीच १८७४ मध्ये स्थापन झाले होते. शिक्षण पुरे करून त्या परतल्या, सुरतेस व राजकोटास दीर्घकाळ स्त्रियांची रुग्णसेवा केली आणि १९५५ साली नव्वदाव्या वर्षी निवर्तल्या.

प्रकृती व दैव यांचा भाग वगळला, तरी दोन्ही चरित्रांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. कन्येचे रक्षण तिला घरी अडवून होत नाही. ते निघण्यापूर्वी जोडलेल्या माणसांनी आणि निघाल्यानंतर निर्भयपणे बोलता येण्याने होते. दुर्जनांचे भय खोटे नव्हे. परंतु मुलीवर खरोखरीच कोणी हात टाकला, तर ती आपणांस सांगेल की नाही, हे तिच्या धैर्यापेक्षा आपल्या स्वभावावर अधिक अवलंबून असते. “तरी सांगत होतो” आणि “आता शिक्षण पुरे, परत ये” ही दोन वाक्ये ज्या घरात ऐकू येतात, तेथील मुलगी दुखणे आणि अपमान दोन्ही लपविते.

यास्तव मुलगी निघण्यापूर्वी राहण्याच्या जागेची, तेथील थंडीच्या व्यवस्थेची चौकशी व्हावी. आजाराचा विमा उतरावा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या व्यवस्थेत तिची नोंद व्हावी आणि जवळच्या भारतीय वकिलातीचा पत्ता तिच्यापाशी असावा. अमेरिकेत ९११, इंग्लंडमध्ये ९९९ व युरोपातील बहुतेक देशांत ११२ हे आणीबाणीचे क्रमांक तिला पाठ असावेत. परतीच्या तिकिटाइतकी रक्कम तिच्या स्वतःच्या नावे असावी, म्हणजे कोणाच्याही मर्जीवर तिला राहावे लागणार नाही. त्या गावी एखादे विश्वासू कुटुंब अगोदरच पत्राने वा दूरध्वनीने जोडून ठेवावे.

हे शेवटचे कार्य ज्ञातिसंस्थेइतके दुसरे कोण करू शकेल? आपली कुटुंबे आज अनेक देशांत पसरली आहेत. एके काळी समुद्र ओलांडणाऱ्यास ज्ञाती दार लावून घेत असे. आज त्याच ज्ञातीने आपल्या कन्यांसाठी परमुलखातही एक दार उघडे ठेवावे, आणि त्या दाराशी कार्पेंटरबाईंसारखी एखादी मावशी उभी असावी. शिष्यवृत्तीच्या जोडीला एवढे साधले, तर आनंदीबाईंस विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या मुलींना एकटीने द्यावे लागणार नाही.