राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी प्रवेश परीक्षा (सोलापूरच्या संदर्भात)

बारावीनंतर भूदल, नौदल किंवा वायुदलात अधिकारी होऊ पाहणाऱ्या उमेदवारांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाकडून वर्षातून दोनदा घेतली जाणारी स्पर्धा परीक्षा. बोलीभाषेत 'एनडीएची परीक्षा'. पुण्याजवळ खडकवासला येथील प्रबोधिनीची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली आणि १९५५ च्या जानेवारीत संस्थेचे औपचारिक उद्‌घाटन झाले. एका परीक्षेतून सुमारे चारशे जागा भरल्या जातात. त्यांपैकी ३७० खडकवासल्याच्या (भूदल २०८, नौदल ४२, वायुदल १२०) आणि उरलेल्या केरळमधील एझिमला येथील नौदल अकादमीच्या. उमेदवाराचे वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या आत लागते. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. वायुदल आणि नौदलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेतलेले असावे लागते. गणिताच्या धास्तीने कला शाखेकडे वळलेल्याला यात सुटका नाही, कारण गणिताचा पेपर सर्वांनाच आहे.

लेखी परीक्षा ९०० गुणांची. गणित ३०० गुणांचे, १२० प्रश्न. सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची, १५० प्रश्न. दोन्हींना प्रत्येकी अडीच तास. गणितात एका प्रश्नाला सव्वा मिनिट येते. उत्तर चुकले की त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापला जातो, त्यामुळे अंदाजपंचे उत्तरे भरणारा लवकर मागे पडतो. सामान्य क्षमता चाचणीत २०० गुण इंग्रजीचे असतात, उरलेले विज्ञान, इतिहास, भूगोल आणि चालू घडामोडींचे.

एमएचटी-सीईटी किंवा जेईई देणाऱ्या घरांना पर्सेंटाइलची सवय झालेली असते. त्या परीक्षा अनेक सत्रांत होतात, म्हणून गुणांचे समानीकरण करावे लागते. एनडीएचा पेपर देशभर एकाच दिवशी, एकच असतो. पडले तेवढेच गुण धरले जातात. पेपर अवघड निघाला की कटऑफ खाली येतो. २०२२ च्या पहिल्या परीक्षेत लेखीचा कटऑफ ९०० पैकी ३६० होता, २०२३ च्या दुसऱ्या परीक्षेत २९२. अंतिम निवडीचे आकडे १८०० पैकी अनुक्रमे ७२० आणि ६५६. म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आतबाहेर निवड होते. दहावीच्या नव्वद टक्क्यांवर पोसलेल्या पालकांना हे आकडे किरकोळ वाटतात आणि मुलगा गाफील राहतो. वस्तुतः कटऑफ ही लाखोंच्या रांगेत शेवटी आत आलेल्या उमेदवाराची जागा आहे. विषय किती आला हे त्यावरून ठरत नाही.

उरलेले ९०० गुण सेवा निवड मंडळाचे, म्हणजे एसएसबीचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने अधिकारी निवडीसाठी मानसशास्त्रीय चाचण्या सुरू केल्या, त्याच धर्तीवर १९४३ मध्ये डेहराडूनला प्रायोगिक मंडळ बसले. आजची पद्धत तिथून आलेली. मुक्काम पाच दिवसांचा. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि चित्र पाहून गोष्ट लिहिणे, सांगणे, गटात चर्चा करणे. इथे 'स्क्रीन आउट' झालेला त्याच दिवशी परतीच्या गाडीत बसतो. टिकलेल्यांना पुढे बारा चित्रांवर गोष्टी (शेवटचे चित्र कोरे), पंधरा सेकंदांना एक अशा साठ शब्दांवर वाक्ये आणि अर्ध्या तासात साठ प्रसंगांवरचे प्रतिसाद लिहावे लागतात. मैदानावर फळी, बल्ली आणि दोर घेऊन गटाने अडथळे पार करायचे; शिवाय वैयक्तिक मुलाखत. मानसशास्त्रज्ञ, मुलाखतकार आणि मैदानावरचा अधिकारी आपापले मत वेगवेगळे बनवतात व शेवटच्या दिवशीच्या 'कॉन्फरन्स'मध्ये ते पडताळतात. मंडळाची शिफारस नसेल तर लेखीतले भरघोस गुण वाया जातात. शिफारस मिळाल्यावरच दोन्हींची बेरीज होते: लेखीत जेमतेम २९२ मिळवलेल्याला ६५६ गाठण्यासाठी मंडळाकडून ३६४ हवेत. पुन्हा येणाऱ्यांना 'रिपीटर' म्हणतात आणि त्यात कमीपणा नाही. वैमानिक शाखेची संगणकीय चाचणी मात्र आयुष्यात एकदाच देता येते.

गुणवत्ता यादी जागांपेक्षा बरीच लांब असते, कारण ती लावताना वैद्यकीय निकाल धरलेला नसतो. रंगदृष्टी, श्रवण, गुडघे, वजन यांत पुढे काहीजण गळतात.

सोलापूर जिल्ह्यातील मुलांसाठी ही वाट बहुधा दहावीच्या आधीच सुरू होते. साताऱ्याची सैनिक शाळा (१९६१) देशातील पहिली. तिची सहावीची प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते. तुळजापूरचे श्री तुळजाभवानी सैनिकी विद्यालय तर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे लगेच. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था (१९७७) राज्य शासनाच्या खर्चाने अकरावी-बारावीची दोन वर्षे एनडीएची तयारी करून घेते. लेखी उत्तीर्ण झालेल्यांना नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीची विनामूल्य तयारी मिळते. त्याची सूचना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय काढते आणि ती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात पडून राहते. शहरात एनसीसी आहे, पण कॅडेट असण्याने या लेखी परीक्षेत सूट मिळत नाही. 'सी' प्रमाणपत्राची थेट मुलाखतीची योजना पदवीनंतरची आणि वेगळी.

खरी अडचण भाषेची. आयोगाचा पेपर इंग्रजी व हिंदीत असतो, मराठीत नाही. मंडळापुढे हिंदीत बोलले तरी चालते. घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या सोलापुरी मुलाची जीभ चार भाषांत सहज वळते, पण २०० गुणांच्या इंग्रजीला त्याचा उपयोग कमीच. गाडीची सोय मात्र उत्तम. भूदलाची निवड मंडळे असलेले भोपाळ आणि बेंगळुरू ही दोन्ही शहरे सोलापूर स्थानकावरून जाणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसच्याच मार्गावर आहेत.

१८ ऑगस्ट २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर मुलींना परीक्षेला बसता आले. २०२२ मध्ये दाखल झालेल्या पहिल्या तुकडीतील १७ जणींनी ३० मे २०२५ रोजी खडकवासल्यात दीक्षांत संचलन केले. राज्य शासनाने मुलींसाठी सेवापूर्व संस्था नाशिकला काढली आहे. मुलींच्या जागा अजून मुलांच्या तुलनेत फार थोड्या असल्याने त्यांच्यातली चुरस अधिक तीव्र आहे.