बाहेरची बाधा की आजार? १,८०० वर्षांपूर्वीचा एक काढा

डेडलाइन, ईएमआय, रात्री दोनला उघडणारे डोळे... याला आपण 'स्ट्रेस' म्हणून मोकळे होतो. हा शब्द नव्हता तेव्हा? उगाच रडणाऱ्या माणसाला बघून लोक म्हणायचे, बाहेरची बाधा झालीय.

चला, इ.स. २००च्या आसपासच्या चीनमध्ये. हान साम्राज्य कोसळतंय, साथी सुरू आहेत. झांग झोंगजिंग नावाच्या वैद्याच्या ग्रंथाची प्रस्तावना सांगते की त्याच्या कुळात दोनशेहून जास्त माणसं होती आणि दहा वर्षांच्या आत त्यातली दोन तृतीयांश गेली.

त्याच्याच नावावरच्या 'जिनग्वेई याओल्युए' या ग्रंथात एक नोंद आहे, बग रिपोर्टएवढी छोटी. बाईला सारखं वाईट वाटतं, रडू येतं, जांभया येतात, अंगात काही आल्यासारखी वागते. आता उपाय बघा. मंत्र नाही, अंगारा नाही. ज्येष्ठमध, गहू आणि दहा लाल बोरं, म्हणजे आपल्या बोराचीच भावंडं. पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं, तीन वेळा कोमट प्यायचं. बस!

पुढे सोंग राजवटीनं १०७६ मध्ये राजधानी काइफेंगला सरकारी औषधालय काढलं. त्याच्या औषधांच्या पुस्तकात 'श्याओयाओ सान' आहे. श्याओयाओ म्हणजे निवांत, मनमोकळं भटकणं. ताओ विचारवंत झुआंगझीच्या ग्रंथातल्या पहिल्या प्रकरणाच्या नावात हाच शब्द आहे. चिनी वैद्यकाचं म्हणणं असं, की मन कोंडलं की यकृताची 'ची', म्हणजे शरीरातली ऊर्जा अडते. ती मोकळी करायची.

ही औषधं खरंच काम करतात का? चाचण्या बऱ्याच झाल्यात, पण पुष्कळशा छोट्या आहेत. त्यामुळे ठाम 'हो' म्हणता येत नाही. गहू-बोरांचा तो काढा जपानमध्ये डॉक्टर आजही लिहून देतात. पण 'नैसर्गिक आहे, काय होतंय' असं समजू नका. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर पोटॅशियम घटतं, बीपी वाढतं. आणि चालू असलेल्या गोळ्या मनानं बंद करू नका.

मला मात्र ती छोटी नोंदच जास्त आवडते. गावानं जिला झपाटलेली म्हटलं असतं, तिला या वैद्यानं पेशंट मानलं. आज आपल्या ग्रुपमधलं कुणी गप्प गप्प असेल, तर 'नाटकं करू नको' म्हणण्याआधी एवढं आठवा. आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन जा.

भेटू पुढच्या भागात!