तीन कोड, चोर एकच

आमच्या गोखिवऱ्यात गाळेच गाळे, थोडं पुढे मुंबई-अहमदाबाद हायवे. मेकॅनिकल पंपाच्या जमान्यात मिस्त्री धूर बघूनच सांगायचा: काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय. 1997 मध्ये अल्फा रोमिओ 156 या कारमध्ये कॉमन रेल आलं. डिझेल कधी, किती सोडायचं ते ईसीयू ठरवू लागला. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 लागू झालं, आणि नव्या ट्रकचं सेन्सरशिवाय पान हलेना.

मग स्कॅनर आला. त्याने एकदम तीन सेन्सरचे कोड दाखवले, तर तिन्ही बदलायचे? थांबा. बऱ्याचदा दोन-तीन सेन्सर ईसीयूच्या एकाच 5 व्होल्टच्या लाइनवर असतात. एक आतून शॉर्ट झाला की बाकीचेही चुकीचं सांगतात. चावी ऑन ठेवा, त्या लाइनवर मल्टिमीटर लावा, एकेकाचा प्लग काढत जा. ज्याचा काढल्यावर 5 व्होल्ट परत येतात, तो चोर. (आम्ही कोडमधला बग असाच शोधतो.) सगळे काढूनही व्होल्टेज आलं नाही, तर वायरिंग तपासा, मग ईसीयू. हे न करता धडाधड सेन्सर बदलले, तर ट्रकवाल्याच्या खिशाला चाट बसते आणि दिवा पेटलेलाच राहतो.