काडीमोड, स्त्रीधन आणि निवृत्तिवेतन

विवाहविच्छेद ही पाश्चात्त्य कायद्याची देणगी होय, असा समज आमच्या सुशिक्षित वर्गांत रूढ आहे. तो साधार नाहीं. काडी मोडणें सोपें; मागील देण्याघेण्याचा उलगडा करणें कठीण, ही जाणीव आपल्याकडे फार जुनी आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत विवाहविच्छेदास 'मोक्ष' अशी संज्ञा आहे. धर्म्य विवाहांस तो नाहीं. इतरांत परस्परद्वेषानें मिळे. स्त्रीच्या दोषामुळें पतीनें मोक्ष मागितल्यास तिजकडून घेतलेलें त्यानें परत द्यावें. पतीच्या दोषामुळें स्त्रीनें मागितल्यास तें परत देण्याचें बंधन त्याजवर नाहीं. तात्पर्य, दोष कोणाचाही असो, सुटका मागणारानें तोशीस सोसावी.

हेंच तत्त्व लोकाचारांतही आढळतें. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथांत कुणब्यांतील काडीमोड व पाट यांची नोंद आहे. यवतमाळकडे बहुसंख्येनें राहणाऱ्या गोंडांत, स्त्रीनें दुसरा नवरा केल्यास पहिल्याचा लग्नखर्च भरून देण्याची चाल होती.

१९४७ सालीं मुंबई इलाख्यानें हिंदु घटस्फोटाचा कायदा केला. यवतमाळ तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडांत असल्यामुळें तो येथें लागू झाला नाहीं. येथील उच्चवर्णीय स्त्रीस हें दार १९५५ सालच्या हिंदु विवाह कायद्यानें उघडलें. त्याच्या २५ व्या कलमानें कायम पोटगी दिली. २९ व्या कलमानें रूढीचा घटस्फोटही राखला.

निवृत्तिवेतनाचा प्रश्न मात्र नवा आहे. बैल, भांडीं, दागिने वांटतां येतात. दरमहा येणारी रक्कम वांटावी कशी? १८७१ च्या कायद्याचें ११ वें कलम सावकाराच्या जप्तीपासून तिला संरक्षण देतें. परंतु पोटगी मागणारी पत्नी ही सावकार नव्हे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०१९ सालीं दिला. आमच्या जिल्ह्यास तो विशेष महत्त्वाचा आहे.

तथापि एक उणीव उरतेच. पुरुष निवर्तला कीं त्याचें वेतन थांबतें, आणि शासकीय नियमांप्रमाणें घटस्फोटित स्त्रीस कुटुंबनिवृत्तिवेतन मिळत नाहीं. सबब निकालाच्या वेळींच ठोक रक्कम, किंवा २५ व्या कलमांत सांगितल्याप्रमाणें स्थावरावर बोजा, मागून घेणें इष्ट. आम्ही स्वतः निवृत्तिवेतनावर निर्वाह करतों. त्या वेतनामागें आमच्याइतकेच घरांतील दुसऱ्या माणसाचेही कष्ट आहेत, हें आम्हांस ठाऊक आहे. तो हिशेब कौटिल्यानें मांडला नाहीं. आपणांस मांडावा लागेल.