विचार करायला किती मिनिटं?

शीतयुद्धाचा इतिहास बहुतेक वेळा बॉम्बच्या संख्येत सांगितला जातो. १९८६च्या सुमारास जगात जवळपास ७०,००० अण्वस्त्रं होती आणि त्यातली जवळजवळ सगळी अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांची होती. एवढा मोठा आकडा वाचून आपण थोडा वेळ हबकतो आणि पुढे जातो. पण याच इतिहासात आणखी एक आकडा आहे, तो मिनिटांमध्ये मोजायचा. समोरच्याने हल्ला केल्याची खबर आली, तर खरं-खोटं पडताळून उत्तर द्यायचं की नाही हे ठरवायला किती वेळ मिळतो? या दोन महासत्तांच्या वैराची चाळीस-पंचेचाळीस वर्षं म्हणजे हा वेळ कमी कमी होत जाण्याची गोष्ट आहे. आणि अधूनमधून घाबरून तो परत मिळवण्याचीही.

सुरुवातीला वेळ भरपूर होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं विमान तिनियन बेटावरून निघाल्यावर सुमारे साडेसहा तास उडत होतं. २९ ऑगस्ट १९४९ला सोव्हिएत संघाने कझाकस्तानातल्या सेमिपलातिन्स्कजवळ आपला पहिला अणुबॉम्ब फोडला आणि अमेरिकेची मक्तेदारी संपली. तरीही बॉम्ब न्यायला दोघांकडे विमानंच होती. विमानाला तास लागतात. शिवाय विमानात माणूस बसलेला असतो आणि त्याला ‘परत ये’ असं सांगता येतं.

क्षेपणास्त्राला ते सांगता येत नाही. ऑगस्ट १९५७मध्ये सोव्हिएत संघाच्या आर-७ या आंतरखंडीय क्षेपणास्त्राची चाचणी यशस्वी झाली. ४ ऑक्टोबरला त्याच जातीच्या रॉकेटने स्पुटनिक अवकाशात नेला. लोक आकाशात फिरणारा उपग्रह शोधत होते, अमेरिकी सेनापतींना मात्र चिंता होती ती त्याच्या खालच्या रॉकेटची. एका महासत्तेकडून दुसरीकडे अण्वस्त्र पोहोचायला आता साधारण अर्धा तास पुरणार होता. त्यातून हल्ला लक्षात येण्याचा, खात्री करण्याचा, राष्ट्राध्यक्षांना गाठण्याचा आणि आदेश खाली पोहोचवण्याचा वेळ वजा करा. विचार करायला मोजकी मिनिटं उरतात.

वेळेची किंमत काय असते, हे ऑक्टोबर १९६२मध्ये क्युबाने दाखवलं. सोव्हिएत संघ तिथे क्षेपणास्त्रं उभारतोय, हे यू-२ विमानाने काढलेल्या फोटोंतून कळलं. १६ तारखेला केनेडींना ही बातमी मिळाली, तेव्हा त्यांच्या बैठकीत जोर हवाई हल्ल्यावर होता. खुद्द केनेडीही त्याच बाजूला झुकले होते. पण बातमी अजून गुप्त होती आणि काही दिवस हातात होते. वाद झाले, मतं बदलली आणि २२ तारखेला केनेडींनी टीव्हीवर जाहीर केली ती नाकेबंदी. बेटावर तेव्हा ४०,०००हून अधिक सोव्हिएत सैनिक होते, अण्वस्त्रं येऊन पोहोचली होती आणि त्यात रणांगणावर वापरायची छोटी अस्त्रंही होती. यातलं बरंचसं अमेरिकेला तेव्हा माहीत नव्हतं. पहिल्या दिवसाचा निर्णय अमलात आला असता तर काय झालं असतं, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

पण एकमेकांशी बोलायला मात्र त्यांच्याकडे साधन नव्हतं. २६ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह यांनी केनेडींना लिहिलेलं लांबलचक पत्र मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासातून भाषांतर होऊन वॉशिंग्टनला पूर्ण पोहोचायला सुमारे बारा तास लागले. वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांनी आठवणींमध्ये लिहिलंय की, त्यांच्या तातडीच्या तारा न्यायला तार कंपनीचा मुलगा सायकलवरून यायचा. तो वाटेत कुठे न रेंगाळता थेट कचेरीत जाईल, अशी आशा करण्यापलीकडे दूतावासाच्या हातात काही नव्हतं. जगाचं भवितव्य अक्षरशः एका सायकलवर होतं.

त्यातला सगळ्यात वाईट दिवस २७ ऑक्टोबर. क्युबावर एक यू-२ विमान पाडलं गेलं, वैमानिक मारला गेला. त्याच दिवशी समुद्रात बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीला वर यायला लावण्यासाठी अमेरिकी जहाजं तिच्या आसपास सरावाचे छोटे स्फोटक गोळे टाकत होती. पाणबुडीत असह्य उकाडा, बॅटऱ्या संपत आलेल्या, मॉस्कोशी संपर्क नाही. वर युद्ध सुरू झालंय की नाही, हे कुणाला ठाऊक नाही. आणि सोबत एक अण्वस्त्रधारी टॉर्पेडो. पाणबुडीवरच्या एका अधिकाऱ्याच्या आठवणीनुसार, कॅप्टन सावित्स्की यांनी संतापून तो टॉर्पेडो सज्ज करायला सांगितलं आणि वासिली अर्खिपोव्ह यांनी त्यांना शांत केलं. नेमकं कोण काय म्हणालं यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पाणबुडी वर आली आणि टॉर्पेडो सुटला नाही, एवढं नक्की. दुसऱ्या दिवशी ख्रुश्चेव्ह यांनी माघारीचा निरोप थेट मॉस्को रेडिओवरून वाचायला लावला. तारेची वाट बघणं आता परवडणारं नव्हतं.

हा धडा दोघांनीही घेतला. २० जून १९६३ला जिनिव्हात करार झाला आणि ३० ऑगस्टला ‘हॉटलाइन’ सुरू झाली. सिनेमांत ती लाल टेलिफोन म्हणून दिसते, प्रत्यक्षात तो टेलिप्रिंटर होता. बोलण्यात गैरसमज होतात, आवाज चढतो. लिहिलेलं नीट वाचता येतं, भाषांतर तपासता येतं. निरोप पटकन पोहोचावा, पण उत्तर मात्र विचार करून द्यावं, अशी ही सोय होती.

पुढच्या वीस वर्षांत शस्त्रं मात्र वेगवानच होत गेली. पाणबुड्या किनाऱ्याजवळ येऊ लागल्या, आणि इतक्या वेगाला माणूस पुरणार नाही म्हणून इशारा द्यायचं काम उपग्रह आणि संगणकांकडे गेलं. ९ नोव्हेंबर १९७९ला अमेरिकेच्या संगणकांवर मोठा सोव्हिएत हल्ला दिसू लागला. लढाऊ विमानं उडाली. मग रडारवर पाहिलं तर काहीच नव्हतं. सरावासाठी बनवलेला हल्ल्याचा कार्यक्रम चुकून खऱ्या यंत्रणेत शिरला होता.

सप्टेंबर १९८३मध्ये सोव्हिएत संघाने आपल्या हद्दीत शिरलेलं दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान पाडलं, २६९ जण गेले. वातावरण आधीच तापलेलं. २६ तारखेला मध्यरात्रीनंतर मॉस्कोच्या दक्षिणेकडच्या सेर्पुखोव्ह-१५ केंद्रात भोंगा वाजला. उपग्रह सांगत होता, अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र निघालंय. मग आणखी चार. ड्युटीवर होते लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह. त्यांचा हिशेब साधा होता. युद्ध सुरू करणारा देश पाचच क्षेपणास्त्रं कशाला पाठवेल? यंत्रणा नवी होती आणि जमिनीवरच्या रडारला काही दिसत नव्हतं. त्यांनी वर कळवलं, इशारा खोटा आहे. खात्री नव्हतीच. पुढे उलगडा झाला की, उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाला क्षेपणास्त्राचा उजेड वाटला होता. पेत्रोव्ह यांना बक्षीस मिळालं नाही. उलट नोंदवही नीट भरली नाही म्हणून बोलणी खावी लागली.

दोनच महिन्यांनी पश्चिम जर्मनीत अमेरिकेची पर्शिंग-२ क्षेपणास्त्रं आली. सोव्हिएत भूमीवर आदळायला त्यांना दहा मिनिटांच्या आसपास वेळ पुरे होता. यावर सोव्हिएत संघाने काय तोड काढली? नेतृत्व मारलं गेलं तरी प्रतिहल्ल्याचा आदेश पोहोचवू शकेल अशी ‘पेरिमीटर’ नावाची यंत्रणा. विचार करायला वेळ उरणार नसेल, तर विचारावर अवलंबून राहायचंच कमी करा, असा तो प्रकार होता.

म्हणूनच ८ डिसेंबर १९८७ला रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी केलेला करार नुसता शस्त्रकपातीचा वाटत नाही. ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची, जमिनीवरून सुटणारी सगळी क्षेपणास्त्रं त्यात बाद झाली. १९९१पर्यंत दोघांनी मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट केली. एकूण साठ्याच्या मानाने हा आकडा लहान आहे. पण यात नेमकी तीच अस्त्रं गेली, जी सगळ्यात कमी वेळ देत होती.

सोव्हिएत संघ संपला, हा प्रश्न संपला नाही. २५ जानेवारी १९९५ला नॉर्वेतून ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करायला एक रॉकेट सुटलं. सूचना आधी दिलेली होती, पण ती रशियाच्या रडार केंद्रापर्यंत पोहोचली नव्हती. येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांची ब्रीफकेस उघडली गेली. रॉकेट दूर जातंय हे स्पष्ट व्हायला काही मिनिटं लागली. ती मिनिटं होती, म्हणून निभावलं.

१९८७च्या करारातून अमेरिका २ ऑगस्ट २०१९ला बाहेर पडली. दोघांच्या मोठ्या अस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या ‘न्यू स्टार्ट’ कराराची मुदतही ५ फेब्रुवारी २०२६पर्यंतचीच होती. आता ध्वनीच्या पाचपटीहून वेगवान अस्त्रं आणि निर्णयात मदत करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता यांची चर्चा आहे. असल्या बातम्यांमध्ये वेग कौतुकाने सांगितला जातो. त्या वाचताना सेर्पुखोव्हच्या त्या खोलीत बसलेल्या माणसाकडे किती वेळ उरेल, हेही विचारत जा.