पाच दिवसांचं धुरकं

हवेचं प्रदूषण म्हटलं की डोळ्यांसमोर कारखान्याचं धुराडं येतं. पण लंडनमध्ये १९५२ साली जे घडलं, त्यात कारखाने आणि वीजकेंद्रांच्या जोडीला मोठा वाटा होता तो साध्यासुध्या घरांतल्या विस्तवाचा. मी वर्गात औद्योगिक क्रांती शिकवत असे तेव्हा वाफेचं इंजिन यायचं, सूतगिरण्या यायच्या, वसाहती यायच्या. धूर मात्र कधी परीक्षेला आला नाही!

५ डिसेंबर १९५२, शुक्रवार. कडाक्याची थंडी, वारा अजिबात नाही. जमिनीलगतच्या गार हवेवर वरच्या उबदार हवेचं जणू झाकण बसलं. थंडी म्हणून प्रत्येक घरात फायरप्लेस, म्हणजे भिंतीतली कोळशाची शेगडी, पेटलेली. महायुद्धानंतर इंग्लंड कर्जात होतं, त्यामुळे चांगला कोळसा परदेशी विकायचा आणि घरच्यांच्या वाट्याला हलका, भुगा झालेला कोळसा. (शेतकऱ्याच्या घरात दूध विकून ताक प्यायचं, त्यातलाच प्रकार.) त्या कोळशातलं गंधक धुक्यात मिसळून त्याचं आम्ल झालं आणि लोक ते पाच दिवस छातीत ओढत राहिले. धूर आणि धुकं मिळून मराठीत 'धुरकं' म्हणतात. फार चपखल शब्द आहे.

बसच्या पुढे कंडक्टर हातात दिवा घेऊन चालत. मग बसही थांबल्या, जमिनीखालची रेल्वे तेवढी चालू राहिली. सॅडलर्स वेल्सच्या नाट्यगृहात धुरकं आत शिरलं आणि ऑपेरा अर्ध्यावर बंद करावा लागला. अर्ल्स कोर्टला पशुप्रदर्शन भरणार होतं. तिथली बक्षिसाच्या आशेने आणलेली धष्टपुष्ट गुरं धापा टाकू लागली, काही दगावली. गुरांची बातमी लगेच झाली. माणसं मरत होती, ती मात्र कुणाला दिसली नाहीत.

याचं कारण साधं आहे. ती रस्त्यात कोसळून मेली नाहीत. आपापल्या घरी, अंथरुणात, न्यूमोनियाने, ब्राँकायटिसने, हृदय थकून गेली. बहुतेक आमच्या वयाची, नाहीतर तान्ही. म्हातारा माणूस हिवाळ्यात खोकून गेला, यात शेजाऱ्यांना काय नवल? शवपेट्या आणि फुलं कमी पडू लागली, तेव्हा कुठे कुजबुज झाली. मग मृत्यूच्या नोंदी मोजल्या गेल्या. १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात बृहद् लंडनमध्ये ४,७०३ मृत्यू. आदल्या वर्षी त्याच आठवड्यात १,८५२.

पुढचे काही महिनेही मृत्यू जास्तच राहिले. सरकारने ते फ्लूच्या खात्यावर टाकले आणि एकूण आकडा ४,००० च्या आसपास ठरला. हा हिशेब पुन्हा तपासला गेला तो जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, २००१ मध्ये. मिशेल बेल आणि डेव्हरा डेव्हिस या दोन अमेरिकी संशोधक बायकांनी आकडा १२,००० च्या घरात नेला. यातल्या डेव्हिसबाई वाढल्या पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा गावात, जिथे १९४८ साली अशाच कोंडलेल्या धुराने वीस माणसं गेली होती. फ्लूचं कारण त्यांना का पटलं नसेल, याचा मी आपला एक अंदाज बांधून आहे.

नव्या कायद्याची गरज वाटत नाही, असा गृहनिर्माणमंत्री हॅरोल्ड मॅकमिलन यांचा आधी सूर होता. तेही समजण्यासारखं आहे म्हणा. कारखानदाराला दंड करणं सोपं. मतदाराच्या घरातला विस्तव विझवायला कोण सांगणार? इंग्रज माणसाचा त्या शेगडीवर भारी जीव. शेवटी सर ह्यू बीव्हर यांच्या समितीने स्पष्ट लिहिलं की घरांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. १९५६ साली कायदा झाला. धूरमुक्त भाग ठरले, धूर न करणारं इंधन आलं, शेगड्या बदलायला सरकारने पैसे दिले. तरी १९६२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये पुन्हा धुरकं दाटलं आणि पुन्हा माणसं गेली.

माणसांआधी ही नोंद झाडांवर झाली होती, ते सांगायचं राहिलंच. इंग्लंडमध्ये पांढुरका, काळ्या ठिपक्यांचा एक पतंग आहे (दिव्यावर झेपावतो तो, मांजाचा नव्हे). दगडफुलाने मढलेल्या खोडावर तो बसला की पक्ष्यांना दिसत नसे. धुराने दगडफूल मेलं, खोडं काळी पडली, आणि पांढुरके पतंग टिपले जाऊ लागले. १८४८ मध्ये मँचेस्टरला एक काळा पतंग सापडला. १८९५ पर्यंत तिथले शंभरातले अठ्ठ्याण्णव काळे झाले होते. कायदा आल्यावर हवा निवळली, खोडं उजळली, आणि पांढुरके परत वाढू लागले. काळा पतंग आता तिकडे क्वचितच दिसतो.